शिट्टीची किंमत किती मोजली?
बेंजामिन फ्रँकलिन यांचे शहाणपण आणि नागझिऱ्याच्या काठची पहाट

वाचकहो, लवकर निजावे, लवकर उठावे, म्हणजे ज्ञान, आरोग्य आणि संपत्ती ही तिन्ही मिळतात, हे वचन आपण लहानपणी शाळेच्या भिंतीवर वाचले आहे. गुरुजींनी ते पाटीवर गिरवून घेतले आणि आईने थंडीत गोधडी ओढताना ऐकवले. हे आपल्याच कोण्या आजोबाचे बोल असावेत, असे बहुतेकांना वाटते. पण जगभर ते प्रसिद्ध केले एका अमेरिकन छापखानेवाल्याने. त्यांचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

आता नागझिऱ्याकडे चला. गोंदिया जिल्ह्यातले हे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. चोरखमारा, मंगेझरी या बाजूच्या गावांत उन्हाळ्यात माणसे किती वाजता उठतात? मोहफूल पहाटे गळते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये बायाबापड्या अंधारातच टोपली घेऊन निघतात. पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. अभयारण्याबाहेरच्या जंगलात उजाडण्याआधी पोचायचे, ऊन चढण्याआधी पाने तोडायची, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. मोहाखाली कधी अस्वल भेटते. तेही लवकर उठणारेच असते!

मग प्रश्न असा पडतो, की लवकर उठल्याने संपत्ती येत असेल तर या मायबहिणींच्या घरी ती आजवर का आली नाही? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर फ्रँकलिन यांचे शहाणपण आणि त्यांचे आयुष्य ही दोन्ही नीट पाहिली पाहिजेत.

मेणबत्तीवाल्याचा मुलगा

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन शहरात झाला. वडील चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण बनवीत. घरात सतरा भावंडे, त्यांत बेंजामिन पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षे झाली. दहाव्या वर्षी वडिलांच्या कामाला लागला आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून बांधला गेला.

पोराला लिहिण्याची हौस होती. पण भाऊ काही छापणार नाही, हे तो ओळखून होता. म्हणून सोळाव्या वर्षी, १७२२ साली, त्याने एका विधवा बाईचे नाव घेऊन पत्रे लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. भावाने आणि त्याच्या विद्वान मित्रांनी ती वाहवा करीत छापली. अशी चौदा पत्रे निघाली! पुढे भावाशी पटेना. १७२३ साली, सतराव्या वर्षी, तो पळून फिलाडेल्फियाला गेला. तिथेच पुढे त्याचा स्वतःचा छापखाना उभा राहिला.

शाळा सुटली तरी शिकणे सुटले नाही. कामकरी मित्रांचे त्यांनी १७२७ साली एक मंडळ काढले. दर आठवड्याला एक विषय घ्यायचा आणि त्यावर चर्चा करायची. पुस्तके महाग, एकट्याला परवडत नाहीत, म्हणून १७३१ साली वर्गणी गोळा करून वाचनालय उभारले. १७३६ साली आग विझवणाऱ्यांचे पथक आणि १७५१ साली रुग्णालय, अशी अनेक कामे त्यांनी चार माणसांना सोबत घेऊन केली. वीज ही विद्युतशक्तीच आहे, हे दाखवून त्यांनी इमारती वाचवणारा विजेचा खांब शोधला. सुधारित शेगडी बनवली, पण तिचा हक्क राखून पैसा करायला नकार दिला. दुसऱ्यांच्या शोधांचा आपल्याला फायदा होतो, तेव्हा आपलाही शोध लोकांना मोकळ्या हाताने द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

गरीब रिचर्डचे पंचांग

त्या काळी ज्या घरात दुसरे पुस्तक नसे त्या घरातही पंचांग असे. हे ओळखून फ्रँकलिन यांनी १७३२ साली ‘गरीब रिचर्ड’ या बनावट ज्योतिष्याच्या नावाने पंचांग काढले. ते पंचवीस वर्षे चालले आणि दरवर्षी दहा हजारांच्या आसपास प्रती खपत. तिथी-वारांच्या मधे उरलेल्या जागेत ते लहान लहान वचने घालीत. उपदेश खरा, पण तोंडाला गोड लागेल असा.

लहान गळतीने मोठे जहाज बुडते, असे ते सांगत. आपल्या झाडीपट्टीत समुद्र नाही, पण मामा तलाव आहेत. पाळीला खेकड्याने पाडलेले भोक वेळेवर बुजवले नाही तर काय होते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. उसने देणाऱ्याची स्मरणशक्ती घेणाऱ्यापेक्षा नेहमी तल्लख असते, हाही त्यांचाच चिमटा. तिसऱ्या दिवशी मासळी आणि पाहुणा दोन्ही नकोसे होतात, असेही ते म्हणत. तीन दिवस राहणाऱ्या पाहुण्याची म्हण आपल्याकडेही आहेच. माणसाचा स्वभाव सातासमुद्रापलीकडेही सारखाच!

ही सगळी वचने त्यांची स्वतःची नव्हती. लवकर उठण्याचे वचन इंग्लंडमध्ये १६३९ सालच्या म्हणींच्या संग्रहातही सापडते. यातला दहावा भागही आपला नाही, सर्व काळांच्या आणि सर्व देशांच्या शहाणपणातून आपण वेचले, अशी कबुली फ्रँकलिन यांनीच दिली आहे.

आणि पहाटे उठायला सांगणारे हे गृहस्थ म्हातारपणी पॅरिसला असताना रात्री उशिरापर्यंत बुद्धिबळ खेळत. १७८४ साली त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात विनोदी पत्र लिहिले: एकदा चुकून सकाळी सहाला जाग आली, तर सूर्य उगवलेला! हा शोध कोणाला खराच वाटत नाही! सूर्यप्रकाश फुकट मिळत असताना मेणबत्त्या जाळणाऱ्यांना त्यात टोला होता, आणि त्यात त्यांनी स्वतःलाही सोडले नव्हते. आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते आणि नाटके रात्रभर चालतात. तेव्हा नाटकाच्या रात्रीपुरती मुलांना माफी द्यायला हरकत नाही.

१७५८ साली त्यांनी या वचनांची एक गोष्ट रचली. एका लिलावाच्या ठिकाणी लोक जमले आहेत. एक म्हातारा बाबा उठून रिचर्डची वचने सांगत काटकसरीवर लांबलचक भाषण करतो. लोक माना डोलावतात, पटले म्हणतात आणि लिलाव सुरू होताच नको त्या वस्तूंवर तुटून पडतात! नव्या कोटासाठी कापड घ्यायला आलेला एकटा रिचर्ड तेवढा जुना कोट आणखी काही दिवस वापरायचे ठरवून घरी जातो. आपल्याही सभांत टाळ्या पडतात. पण सभा संपल्यावर जुना कोट घालून घरी जाणारे किती, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

शिट्टीची गोष्ट

मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी अशी त्यांची एक गोष्ट आहे. १७७९ साली त्यांनी ती एका ओळखीच्या बाईंना पत्रातून कळवली. बेंजामिन सात वर्षांचा असताना सणाच्या दिवशी त्याला खिसाभर पैसे मिळाले. वाटेत एका मुलाजवळ शिट्टी दिसली. तिच्या आवाजाने हा इतका भुलला, की त्याने सगळेच पैसे देऊन ती घेतली आणि घरभर वाजवत सुटला. भावंडांनी किंमत विचारली आणि सांगितले, तू चौपट पैसे दिलेस! उरलेल्या पैशांत काय काय आले असते, हे ऐकून पोरगा रडू लागला. शिट्टीने दिलेल्या आनंदापेक्षा त्या विचाराने झालेले दुःख मोठे होते.

पण तो धडा जन्मभर पुरला. एखाद्या गोष्टीचा मोह झाला, की ते स्वतःला बजावीत, शिट्टीसाठी जास्त मोजू नकोस. आणि कोणी मानासाठी मनाचे स्वातंत्र्य विकताना दिसला, कोणी कपड्यालत्त्यापायी कर्जात बुडताना दिसला, की ते म्हणत, या बिचाऱ्याने शिट्टीची किंमत फार दिली.

वाचकहो, आपल्या घरातल्या शिट्ट्या आपण मोजल्या आहेत काय? दोन दिवसांच्या लग्नासाठी धानाची बांधी गहाण पडते. तेरवीच्या जेवणावळीसाठी सावकाराचे दार ठोठावले जाते. शेजाऱ्याने आणली म्हणून हप्त्यावर मोटारसायकल येते आणि मुलीचे कॉलेज अर्धवट सुटते. शिट्टी आठ दिवस वाजते, हप्ता मात्र पाच वर्षे वाजतो. धानाच्या पोत्याकडे पाहा. भरलेले असले तर ते ताठ उभे राहते, रिकामे झाले की कोसळते. कर्जाने रिता झालेला माणूसही तसाच; त्याला ताठ मानेने खरे बोलणे जड जाते, असे गरीब रिचर्ड सांगे.

आणखी एक शिट्टी आहे, ती म्हणजे दारू. १७२४ ते १७२६ या काळात तरुण फ्रँकलिन लंडनच्या छापखान्यात मजुरी करीत. सोबतचे कामगार दिवसभर बिअर पीत. तिच्याशिवाय अंगात ताकद येत नाही, असे त्यांना वाटे. हे मात्र पाणी पीत आणि दोन्ही हातांत जड ठसे घेऊन जिना चढत. बाकीचे एका वेळी एकच नेत. लोक त्यांना ‘पाणी पिणारा अमेरिकन’ म्हणून हसत. पण दर शनिवारी मजुरीतला मोठा वाटा हसणाऱ्यांच्याच खिशातून जात असे. मोहाची फुले पहाटे वेचून आणणारी बाई आणि संध्याकाळी त्याच मोहाच्या दारूत तिची कमाई बुडवणारा नवरा ज्या घरात आहेत, त्या घराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

तेरा गुणांची वही

तरुणपणी फ्रँकलिन यांनी स्वतःला सुधारण्याचे ठरवले आणि तेरा गुणांची यादी केली: मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, समतोल, स्वच्छता, शांती, शील आणि नम्रता. छोटी वही केली. प्रत्येक गुणाला एक पान, पानावर सात वारांचे रकाने. चूक झाली की काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणावर भर, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या. आधी यादीत बाराच गुण होते. एका मित्राने तोंडावर सांगितले, की लोक तुला गर्विष्ठ समजतात, तेव्हा तेरावा गुण नम्रतेचा घातला. पण तेच पुढे कबूल करतात, की गर्व मेला असे वाटले तरी आपल्या नम्रतेचाच गर्व झाला असता!

व्यवस्थितपणा तर त्यांना कधीच जमला नाही. त्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. एकाला आपली कुऱ्हाड सगळीकडून धारेसारखी चकचकीत हवी होती. लोहार म्हणाला, चाक तू फिरव, मी घासून देतो. थोड्याच वेळात याचा घाम निघाला. लोहार म्हणाला, अजून डाग आहेत, फिरवत राहा. हा म्हणाला, असू दे, मला डागांचीच कुऱ्हाड आवडते! आपण सगळे असेच. अर्ध्यावर दमतो आणि वर डागांचे कौतुक करतो. तरीही, वही ठेवली म्हणून आपण जरा बरे आणि सुखी माणूस झालो, असे फ्रँकलिन यांनी लिहून ठेवले.

अर्धे खरे, अर्धे बाकी

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तेंदूपत्ता तोडणारी बाई पहाटे उठते, दिवसभर राबते, कमी खाते, फाटके शिवून वापरते. गरीब रिचर्डची सारी वचने ती न वाचताच पाळते. मग संपत्ती कुठे जाते? पाने ती तोडते, पण पानाचा भाव ठरवताना वर्षानुवर्षे तिला कोणी विचारले नाही. कष्ट आणि काटकसर हे एक चाक आहे. हक्क हे दुसरे. एका चाकावर खासर चालत नाही.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. २०११ साली गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने आपला बांबू स्वतः विकला. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचाही लिलाव आपल्या हाती घेतला. जी बाई पूर्वी फक्त पुडे मोजून देई, ती ग्रामसभेत बसून भाव विचारू लागली. ती लवकर तर आधीपासूनच उठत होती. फरक पडला तो बोलण्याचा अधिकार मिळाल्यामुळे. म्हणून आळशाला फ्रँकलिन यांचे वचन जरूर ऐकवा. पण कष्टकऱ्याला गरीब पाहून, तू उशिरा उठत असशील, असे कोणी म्हणाले तर ते वचन त्याच्या तोंडावर परत करा.

शहाण्याची मोठी चूक आणि तिची दुरुस्ती

न्याय हा आठवा गुण वहीत लिहिणाऱ्या फ्रँकलिन यांच्या घरात गुलाम होते. त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. थोरांची चरित्रे आपण डोळे उघडे ठेवूनच वाचली पाहिजेत.

पण हा माणूस तिथेच थांबला नाही. १७६३ साली फिलाडेल्फियात काळ्या मुलांची एक शाळा त्यांनी जाऊन पाहिली. मुलांची समज, स्मरणशक्ती, शिकण्याची तयारी पाहून ते चकित झाले. ही मुले गोऱ्या मुलांपेक्षा कशातही कमी नाहीत, आपला आधीचा समज चुकीचा होता, अशी कबुली त्यांनी पत्रात दिली. शाळेच्या एका खोलीने एका विद्वानाचा पूर्वग्रह हलवला! घरातले गुलाम मात्र त्यांनी लगेच मुक्त केले नाहीत. विचार बदलला तरी वागणूक बदलायला आणखी वर्षे गेली. १७८७ साली ते गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या पेन्सिल्वेनियातील संस्थेचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या सहीचा अर्ज अमेरिकन संसदेपुढे गेला.

एका सभासदाने गुलामगिरीच्या बाजूने जोरदार भाषण केले. गुलाम सोडले तर शेती कोण करील, कष्ट कोण उपसतील? चौऱ्याऐंशी वर्षांचे, आजारी फ्रँकलिन अंथरुणावर होते. २३ मार्च १७९० रोजी त्यांनी शेवटचा विनोद लिहिला. त्यात अल्जिअर्सचा एक मुसलमान दरबारी ख्रिस्ती गुलामांना सोडण्याच्या विरोधात भाषण करतो, आणि त्याची कारणे हुबेहूब त्या सभासदाचीच! वाचणाऱ्या गोऱ्या ख्रिस्ती माणसाला एका क्षणात कळावे, की साखळी आपल्या पायात असली तर हीच कारणे कशी वाटतात. त्यानंतर चार आठवड्यांच्या आतच, १७ एप्रिल १७९० रोजी, ते वारले. संसदेने त्या अर्जावर राज्यांतल्या गुलामांना सोडवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे म्हणून हात झटकले. गुलामगिरी कायद्याने संपायला १८६५ साल उजाडावे लागले.

आपल्या घरापर्यंत आलेला धागा

या गोष्टीचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. १७७४ साली लंडनमध्ये थॉमस पेन नावाचा एक कफल्लक, पण तल्लख माणूस फ्रँकलिन यांना भेटला. त्यांनी त्याला शिफारसपत्र देऊन अमेरिकेला धाडले. त्याच पेनने पुढे माणसाच्या हक्कांवर जे पुस्तक लिहिले, ते १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीराव फुले यांच्या हाती पडले. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निघाले. ते जोतीरावांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली.

दुसरा धागा संविधानाचा. १७ सप्टेंबर १७८७ रोजी अमेरिकेची राज्यघटना तयार झाली, तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या फ्रँकलिन यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: या घटनेतले सगळेच मला पटलेले नाही, पण पूर्वी ठाम वाटलेली मते मला पुढे बदलावी लागली आहेत, म्हणून मी माझ्याच शहाणपणावर थोडी शंका घेतो. आणि राज्य नीट चालेल की नाही, हे शेवटी लोकांच्या नीतीवर अवलंबून आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इशारा अधिक खोल जाऊन दिला. संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल, आणि सामाजिक-आर्थिक विषमता तशीच राहिली तर राजकीय लोकशाही धोक्यात येईल. फ्रँकलिन यांच्या पिढीने गुलामगिरीचा प्रश्न घटनेत टाळला आणि त्या देशाने त्याची किंमत रक्ताच्या यादवीत मोजली. तीही एक महाग शिट्टीच!

जाता जाता

मृत्युपत्रात फ्रँकलिन यांनी बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना हजार-हजार पौंड दिले. अट अशी, की पंचवीस वर्षांखालच्या होतकरू कारागिरांना ते दोन जामिनांवर, पाच टक्के व्याजाने कर्ज द्यावेत आणि हा निधी दोनशे वर्षे वाढू द्यावा. १९९० साली मुदत संपली तेव्हा दोन्ही शहरांत मिळून लाखो डॉलर जमले होते. बचत गटाच्या बैठकीत वीस-पन्नास रुपये टाकणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. थेंबाला हसणाऱ्याने तळे पाहिलेले नसते.

तेव्हा या रविवारी घरात तीन कामे करा. मुलांना शिट्टीची गोष्ट सांगा आणि या वर्षी आपण कोणती शिट्टी महाग घेतली ते सगळ्यांनी मिळून मोजा. चाळीस पानी वहीत सात वारांचे रकाने आखा आणि एक गुण घेऊन सुरुवात करा. ठिपके आईबाबांच्याही पानावर पडू द्या. आणि ग्रामसभेची तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कारण नागझिऱ्याच्या काठी उद्याही लोक पहाटेच उठतील. त्यांना लवकर उठायला शिकवण्याची गरज नाही. आपल्या कष्टाचा भाव विचारायला ती माणसे ग्रामसभेत उठून उभी राहतील, तेव्हा शाळेच्या भिंतीवरचे ते वचन खऱ्या अर्थाने पुरे होईल.